आबांची फुंकर

बशीवर कप किणकिणला आणि दुपारची शांतता मोडली.

जळगावात उन्हाळ्याच्या दुपारी आता रस्त्यावर चिटपाखरू नसतं. ऊन चढायच्या आत शाळा सुटतात, दुकानांची शटरं खाली येतात आणि दिवस कलेपर्यंत सगळं गाव दाराआड बसून राहतं. अशा वेळी घरातला बारीकसा आवाजही मोठा होतो. स्वरदा आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसली होती, तरी तिला तो ऐकू आला. बाबा स्वयंपाकघरातून आपला चहा आपणच घेऊन निघाले होते. त्यांचा हात थरथरायला लागून दोनेक वर्षं झाली होती, पण कप दुसऱ्या कुणाला उचलू देतील तर शपथ. किणकिण ओट्यापासून निघाली, बाहेरच्या खोलीत आली, खिडकीपाशी थांबली. पोचले. स्वरदाने रोखून धरलेला श्वास सोडला आणि वाट बघत असलेला फोन घेतला.

"नमस्कार, फुंकणी मदतकक्ष. मी स्वरदा बोलतेय."

पलीकडे भुसावळची एक बाई होती. तिच्या मुलाचा दिवा पिवळा आला होता.

"पिवळा म्हणजे आजार नव्हे, ताई." दिवसभरात कितीदा तरी म्हणायचं हे वाक्य. आता ते जिभेवरून आपोआप घरंगळत यायचं. "पिवळा म्हणजे एवढंच, की इतर मुलांपेक्षा तुमच्या मुलाच्या श्वासात पारा किंचित जास्त दिसला. आठवड्याने पुन्हा फुंकायला सांगा."

"आणि माझं काय? माझ्या तोंडात सगळ्या दाढा चांदीच्या. तुमच्या जळगावच्या नेवे डॉक्टरांनी भरलेल्या, लहानपणी. रडले नाही म्हणून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत पाऱ्याचा थेंब घालून दिला होता खेळायला. तेव्हा केवढं कौतुक. गल्लीभर मिरवला होता मी."

स्वरदाने दाराकडे पाहिलं. नेवे डॉक्टर खिडकीत बसून बशीत चहा ओतत होते. त्यांची नात जुई त्यांच्या मांडीला टेकून कसलं तरी चित्र रंगवत होती.

"धडधाकट असतील तर राहू द्या, ताई. काढायला गेलं की जास्त वाफ उडते."

"तुम्हाला काय जातंय सांगायला," बाई म्हणाली. "तुमच्या घरात पिवळा येऊ दे, मग बघू."

फुंकणी हे नाव लोकांनीच ठेवलं होतं, चूल फुंकायच्या नळीवरून. सरकारी नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. बोटभर नळी आणि तिच्या टोकाला मुठीएवढी डबी. डबीत सोन्याचा वर्ख, मिठाईवर लावतात त्याहून कितीतरी पातळ. श्वासातून पाऱ्याची वाफ गेली की ती सोन्याला चिकटते, वर्खातून वाहणारी वीज तेवढी अडखळते, आणि त्या अडखळण्यावरून यंत्र पाऱ्याचा हिशोब लावतं. बस, इतकं साधं. वर्ख तापवला की चिकटलेला पारा उडून जातो आणि फुंकणी पुन्हा कोरी होते.

सोनं पाऱ्याला कसं धरून ठेवतं, हे स्वरदाला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. तिची आई दवाखान्यात बाबांच्या मदतीला उभी राहायची. त्या काळी चांदीची पूड आणि पारा काचेच्या खलात घोटायचे, तो गोळा कापडाच्या तुकड्यात धरून पिळायचे आणि जास्तीचा पारा टपकून जायचा. असाच एक थेंब एकदा आईच्या पाटलीवर पडला आणि पिवळीजर्द पाटली बोटभर पांढरी झाली. सोनाराने भट्टीत धरली, पाटली पुन्हा पिवळी. "बघ, उडून गेला," बाबा तेव्हा छोट्या स्वरदाला म्हणाले होते. "कुठे गेला, ते मात्र विचारू नकोस."

आई जाऊन आता सहा वर्षं झाली. मूत्रपिंडं गेली होती. पण मधुमेहही होताच की, आणि तो तिच्या माहेरी सगळ्यांनाच होता.

चांदी म्हणायचं, पण त्या भरणीत निम्मा पाराच. घास चावला की त्यातून कणभर वाफ सुटते, हे बाबांना कॉलेजातच शिकवलं होतं. कणभर म्हणजे किती आणि तेवढ्याने होतं काय, यावर मात्र डॉक्टरमंडळी दीडशे वर्षं भांडत आली. मुलांना वर्षानुवर्षं तपासलं, चांदीवाली आणि बिनचांदीची. बुद्धीत फरक दिसला नाही, मूत्रपिंडांत दिसला नाही. तरीही गरोदर बायकांना आणि लहान मुलांना नको, असंही सांगितलं जायचंच. पुढे चांदी भरणं सगळीकडे बंद झालं. ज्यांच्या तोंडात होती त्यांनी ती राहू द्यावी, छेडू नये, असं ठरलं. भांडण मिटल्यासारखं झालं होतं.

आणि मग फुंकणी आली. आजवर जे कुणाला दिसत नव्हतं ते दर सोमवारी बालवाडीच्या दारात दिसायला लागलं, हिरवं किंवा पिवळं किंवा लाल. रंगांमधली रेघ काही आजारी मुलं पाहून आखलेली नव्हती. शेकड्यात बहुतेक मुलं ज्याच्या आत येतात ते हिरवं, बाहेर राहतात ती पिवळी, इतकंच. हे स्वरदा फोनवर समजावून सांगायची. लोक ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "ते ठीक आहे हो, पण मग पिवळं का?"

बाबा म्हणायचे, "आकडा कळायला लागला. अर्थ कळायचा राहिला."

आजी-आजोबा दिन शनिवारी होता. बालवाडीत बाबांचा रुबाब मोठा. दवाखाना सोडल्यापासून दर शनिवारी ते तिथे जायचे, प्लॅस्टरचा मोठा जबडा आणि हातभर ब्रश घेऊन. जबड्याच्या तोंडून गोष्टी सांगायचे. पोरं त्यांना दातांचे आबा म्हणायची, आणि हे दातांचे आबा आपल्या घरी राहतात याचा जुईला असा गर्व, की बाकीच्यांना ती आबांचा हात पाळीपाळीने धरू द्यायची.

लाडू वाटून झाल्यावर मंजिरीताईंना हुक्की आली. बालवाडी त्यांचीच, आणि फुंकणीही त्यांच्याच ताब्यात. "आज आजी-आजोबांनी फुंकायचं," त्या म्हणाल्या. "मुलं बघतील, घाबरायचं नसतं ते."

आज्यांनी पदर तोंडाला लावून हसत हसत फुंकलं. हिरवा. एक पिवळा. मग बाबा पुढे झाले, घसा खाकरला आणि मुलांकडे बघून गाल फुगवले. मुलं खिदळली. बाबांनी फुंकलं. डबीतली घंटी वाजली आणि दिवा लालभडक झाला.



"होणारच," बाबा मोकळेपणाने म्हणाले. "तोंडभर चांदी आहे माझ्या. आमच्या कॉलेजात पोरं एकमेकांच्याच तोंडावर हात बसवायची. माझ्या तोंडात निम्मा वर्ग पास झालाय."

सगळे हसले. मंजिरीताई जरा जास्तच हसल्या. आणि जुई खुर्चीवर चढली. "आता मी. आबांच्या मागे मी."

मंजिरीताईंनी तोंडात धरायची नळी बदलली. जुईने आबांसारखाच घसा खाकरला, आबांसारखेच गाल फुगवले आणि अंगातला सगळा जोर लावून फुंकलं. घंटी वाजली. पिवळा.

जुईने टाळ्या पिटल्या. आजवर तिचा नुसता हिरवा यायचा, हिरव्याला घंटी नसते. "माझी पण वाजली, आबा."

तिच्या मागे रांगेत असलेल्या आणखी तिघांची वाजली.

सोमवारी पुन्हा जुईचा पिवळा आला. पालकांच्या गटावर आधी एक प्रश्नचिन्ह आलं. मग कुणीतरी लिहिलं की, ज्यांचा लाल आला ते गृहस्थ दर शनिवारी मुलांच्या इतक्या जवळ बसतात, हे कुणाच्या लक्षात आलंय का. मग कुणी लिहिलं, डॉक्टरांबद्दल पूर्ण आदर ठेवून बोलतो. पूर्ण आदर ठेवून बरंच काही बोललं गेलं. संध्याकाळी मंजिरीताईंचा फोन आला. काही दिवस डॉक्टरांनी विश्रांती घेतली तर बरं, असं त्या इतक्या आडून आडून म्हणाल्या, की अर्थ कळायलाच वेळ लागला.

"ताई, एक विचारू?" स्वरदा म्हणाली. "त्यांचा लाल आल्यावर वर्ख तापवला होता ना तुम्ही? न तापवता पुढच्याने फुंकलं, तर आधीचा पाराही त्याच्यातच धरला जातो."

"हो हो, तापवला की," मंजिरीताई म्हणाल्या. लगेच म्हणाल्या.

स्वरदाचा नवरा तन्मय धुळ्याजवळच्या सौरप्रकल्पावर होता, दोन आठवड्यांतून एकदा घरी यायचा. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"मी बाबांना काही म्हणत नाहीये," तो म्हणाला.

"मग कुणाला म्हणतोयस?"

"पण जुई दिवसभर त्यांच्या मांडीवर असते, स्वरदा."

"एकाच्या श्वासातून दुसऱ्यापर्यंत जातं ते नगण्य असतं. मी रोज लोकांना हेच सांगते."

"खरं आहे म्हणून सांगतेस, की रोज सांगतेस म्हणून खरं वाटतंय?" तो चिडून बोलत नव्हता. खरंच विचारत होता. "मला काही कळत नाही गं यातलं. मला नुसतं ते पिवळं दिसतं."

तिलाही तेच दिसायला लागलं होतं. फोनवर बोलताना ती जिभेने डावीकडची मागची दाढ चाचपायची. ती दाढ बाबांनी भरली होती, ती दुसरीत असताना. गोळा दाबून बसवताना त्यांच्या अंगठ्याचा भार गालाच्या आतून लागला होता, हळू, पण पक्का. "झालं, माझी वाघीण," म्हणाले होते. त्या दाढेवर अजून त्यांचा अंगठा टेकलेला आहे असं तिला वाटायचं. आता त्याच जागी जीभ गेली की मनात यायचं, जुई पोटात होती तेव्हाही ही तिथेच होती.

जुईला भरवायचं काम बाबांचं. तो त्या दोघांचा वेगळाच कारभार होता, त्यात तिसऱ्याने नाक खुपसायचं नाही. मऊ खिचडी, वर तुपाची धार आणि प्रत्येक घासाला तीन फुंकरा. "पहिली वाऱ्याला. दुसरी चिमणीला. तिसरी जुईला." तिसरी फुंकर आली की जुई आ करायची. हात थरथरतो म्हणून बाबा चमचा दोन्ही हातांत धरायचे आणि त्यातही जुईला मौज वाटायची, चमचा नाचत येतो म्हणून.

त्या गुरुवारी स्वरदा समोरच बसून भाजी निवडत होती.

"पहिली वाऱ्याला," बाबा म्हणाले आणि फुंकर घातली. "दुसरी चिमणीला."

तिसरी घालायला ते चमच्यावर वाकले आणि स्वरदाचा हात पुढे गेला. तिने ठरवलं नव्हतं. शंभरदा विचारलं असतं तर शंभरदा नाही म्हणाली असती. पण हात गेला आणि त्याने वाटी ओढून घेतली. थोडी खिचडी सांडली. चमचा बाबांच्या हातात तसाच राहिला.

जुई आ करून थांबली होती. तिने आधी आबांकडे पाहिलं, मग आईकडे.

"बाबा, मी..." स्वरदा म्हणाली. जे काही सांगता आलं असतं ते त्यांनीच तिला शिकवलेलं होतं.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. त्यांनी चमचा जपून ताटात ठेवला. "तशी गरम नव्हतीच फारशी."

त्यानंतर त्यांना काही सांगावं लागलं नाही. आपलं ताट ते आधीच वाढून घ्यायला लागले. खिडकीत बसले की तोंड बाहेर करून बसायचे. जुई मांडीवर चढली तर चढू द्यायचे, पण मान अशी वळवून ठेवायचे जशी बसमध्ये खोकणारी माणसं ठेवतात. जुई त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे ओढायची. "आबा, इकडे बघून बोला ना." आबा तिकडे बघूनच बोलायचे. त्यांच्या बोलण्यातला रंगही गेला, कारण गोष्ट सांगताना श्वास जास्त लागतो.

स्वरदाने एकदा हिय्या करून विषय काढला. "बाबा, हे खुळ्यासारखं चाललंय. तुम्हालाही माहितेय, मलाही."

"माहितेय की."

"मग?"

"मग काय. माहीत असून तुझा हात गेलाच ना," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, ते नुसतं निदान करत होते. "तो आईचा हात आहे. त्याच्याशी मी वाद घालणार नाही."

दुसऱ्या दिवशी ते डॉ. शाल्मलीकडे गेले. शाल्मली त्यांच्याच हाताखाली तयार झालेली, आता त्यांचा दवाखाना तीच चालवायची. तिने स्वरदाला फोन केला तेव्हा तिचा आवाज रडवेला होता. "सर सगळी चांदी काढून टाक म्हणतायत. तुम्ही समजवा ना त्यांना."

स्वरदा धावत पोचली. बाबा रुग्णाच्या खुर्चीत आडवे होऊन बसलेसुद्धा होते.

"सर, मी नाही करणार," शाल्मली म्हणत होती. "धडधाकट चांदी छेडायची नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय. आणि एवढ्या जुन्या दाढा आहेत. भिंती राहिल्यात कुठे त्यांना? चांदीनेच धरून ठेवलंय."

"मग दुसऱ्याकडे जातो. तुझ्याइतका हलका हात असेल की नाही, सांगता येत नाही."

"बाबा, पेशंटला तुम्ही काय सांगायचात?" स्वरदा म्हणाली.

"पेशंटला सांगायचो, राहू दे म्हणून. मी पेशंट कुठे आहे?" ते छताकडे बघत म्हणाले. "मी आजोबा आहे."

शाल्मलीने जमेल तेवढं सगळं केलं. तोंडावर रबराचा पडदा ताणला, पाण्याचा फवारा धरला, वाफ ओढून घेणारी नळी गालाशी लावली. स्वरदा काचेबाहेर उभी होती. तिला दिसत होते ते फक्त बाबांचे पाय. गिरमिटाचा आवाज चढला की त्यांची बोटं आखडायची आणि उतरला की सुटायची.

शाल्मली म्हणाली होती तसंच झालं. चांदी निघाली आणि दाढेची पातळ भिंत तिच्याबरोबर ढासळली. दुसरी उभी चिरली. एकेक करत बऱ्याच खेपांत सगळं उरकलं, आणि ज्या राहतील असं वाटलं होतं त्याही उपटाव्या लागल्या. शेवटच्या दिवशी ते बाहेर आले तेव्हा दोन्हीकडचे गाल आत ओढले गेले होते, जसं कुणी आतून धरून ठेवलंय.

आरोग्यकेंद्रात फुंकलं. लाल. आधीच्या लालहून गडद.

"छेडलं की उडतंच," बाबा म्हणाले. तोंडात कापूस होता, शब्द विरघळून येत होते. "रक्तात जातं, मग हळूहळू निघतं. महिने लागतात. माझ्या पेशंटना मी हेच..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

घरात जुईने त्यांना पाहिलं आणि ती स्वरदाच्या मागे लपली. क्षणभरच लपली, लगेच बाहेरही आली, पण तेवढा क्षण बाबांनी पाहिला होता.

दिवा उतरेपर्यंत आत्याकडे यावलला राहतो, असं त्यांनी ठरवलं. स्वरदाने विरोध करायचा म्हणून केला. पण तो पुरेसा नव्हता हे तिला बोलतानाच ऐकू येत होतं. सामान भरताना तिने विचारलं, "बाबा, तुमचा हात कशाने थरथरतो?"

"वयाने. किंवा पाऱ्याने. किंवा दोन्हींनी." त्यांनी सदऱ्याची घडी घातली, ती विस्कटली, पुन्हा घातली. "ज्याला विचारशील तो आपल्या पक्षाचं उत्तर देईल. आणि कुणीच खोटं बोलत नसेल, ही त्यातली गंमत."

"आणि माझ्या दाढा?"

ते थांबले. सवयीने त्यांचा हात तिच्या गालाकडे निघाला आणि मध्येच खाली आला. "त्यांना कुणाला हात लावू देऊ नकोस," ते म्हणाले. "मी अजूनही तेच म्हणतो. पण माझं म्हणणं आता कितीसं उभं राहणार गं, पिवळ्या दिव्यासमोर."

ते गेले तेव्हा कपबशी ओट्यावर पालथी घातलेली होती.

पुढच्या सोमवारी जुईचा दिवा हिरवा आला. बाकीच्या मुलांचेही हिरवे आले. पालकांच्या गटावर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. डॉक्टर मोठ्या मनाचे, स्वतःहून बाजूला झाले, मुलांसाठी किती केलं, असं सगळं. आता त्यांच्याबद्दल खरोखरच पूर्ण आदर होता.

मंजिरीताई फाटकापाशी स्वरदाची वाट बघत उभ्या होत्या. जुईला त्यांनी घसरगुंडीकडे पाठवलं.

"तुम्हाला सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडवत होत्या. "त्या दिवशी मी वर्ख तापवला नव्हता."

स्वरदाने जुईकडे पाहिलं. ती घसरगुंडीच्या पायऱ्या चढत होती.

"डॉक्टरांनी माझी दाढ वाचवली होती, माझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात. रविवार असून दवाखाना उघडला होता हो माझ्यासाठी. त्यांनी फुंकलं, लाल आला, सगळे बघतायत. आणि मी लगेच त्यांच्यासमोर ते यंत्र तापवायला घेऊ? माणसाने पाणी प्यावं आणि आपण त्याच्यादेखत पेला विसळायला घ्यावा, तसं वाटलं मला. म्हटलं, ते गेले की तापवू. मग जुई खुर्चीवर चढलीच. मग गडबडीत राहून गेलं ते गेलंच. तुम्ही विचारलंत तेव्हा लाज वाटली, म्हणून हो म्हणाले. मग खोटं उघडं पडेल म्हणून नंतरही तापवायचं धाडस झालं नाही. गेल्या आठवड्यात नवीन वर्ख आला, तो घातला. आणि आज हे सगळे हिरवे."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. स्वरदाला रागवायचं होतं. राग शोधूनही सापडेना. बाबांचा मान राखायलाच या बाईने ते केलं होतं, आणि त्या मानापायीच बाबा गेले होते.

घरी येताना ती मनाशी जुळवत राहिली. आबांचा पारा वर्खावर राहिला, तोच पुढच्यांच्या नावावर लागला. शक्य आहे. बहुधा असंच. पण नवीन वर्ख आला त्याच आठवड्यात बाबाही गेले होते. दिवा कशाने हिरवा झाला, वर्खाने की बाबा नसण्याने? खात्री करायची तर प्रयोग पुन्हा करायला हवा. वर्ख नवा आणि आबा जुने. पण जुने आबा आता आणायचे कुठून? ते तोंडच राहिलं नव्हतं.

तिने तन्मयला फोन करून सगळं सांगितलं.

"अरेरे," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. मग जरा थांबून, "पण आता हिरवा आलाय ना. थोडे दिवस असंच राहू दे. छेडायला नको."

मग तिने यावलला लावला. बाबांनी ऐकून घेतलं. दातांवाचून त्यांचे शब्द आता वेगळेच यायचे, कडा घासून गेल्यासारखे.

"असं होय," ते म्हणाले. "मंजिरी चांगली मुलगी आहे. तिला बोलू नकोस काही."

"बाबा, तुम्ही परत या."

"येईन की. दिवा उतरू दे." फोनमधून बारीक किणकिण ऐकू येत होती. चहा घेऊन ते कुठे तरी निघाले होते. स्वरदा कान लावून बसली, किणकिण थांबायची वाट बघत. फोन आधी बंद झाला.

ऊन चढलं. खिडक्या लावल्या. स्वरदाने दूध तापवलं, फुलपात्रात ओतलं आणि जुईसमोर ठेवलं. वर वाफ होती. जुईने हात मांडीत घेतले आणि सवयीने वाट बघत राहिली. मग तीच म्हणाली, "आई, तू घाल ना फुंकर."

स्वरदा फुलपात्रावर वाकली. ओठ पुढे काढले. जीभ आपसूक डावीकडच्या मागच्या दाढेला लागली, आणि फुंकर तोंडातच राहिली.

जुई तिच्याकडे टक लावून बघत होती. मग तिने फुलपात्र दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढलं आणि अगदी हलके, साय हलणार नाही इतक्या हलके, त्यावर फुंकर घातली. पुन्हा घातली, आणखी हळू.

"आई," तिने विचारलं, "त्या दिवशी मी असं हळू फुंकलं असतं, तर आबांचे दात राहिले असते?"